फेटा, हेल्मेट आणि वैष्णवीची दहा मिनिटं

हे मी लिहिणार नव्हतो. खरं सांगतो, दोनदा लिहिलं आन् दोनदा पुसलं. कारण यातली सगळी माणसं माझ्या नेटवर्कमधी हायती, आन् नेटवर्कमधल्या माणसांबद्दल खरं लिहिणं करिअरच्या दृष्टीनं योग्य नसतं, असं आमाला दुसऱ्या सेमिस्टरला शिकवलंय. (पेपरला आलतं. पाच मार्क.)

पण विषय गंभीर हाय, म्हणून लिहितो.

माणसाची प्रगती ज्ञानावर न्हाई, ओळखीवर अवलंबून असती. ओळख भेटीवर अवलंबून असती. आन् भेट सत्कारावर. सत्कार झाला न्हाई तर भेट झाली असं आमच्या बीड जिल्ह्यात कुणी मानत न्हाई. दोन माणसं नुसती समोरासमोर आली, एवढंच म्हणतेत.

आमची संस्था बीडला बायपासच्या अलीकडं हाय. खाली ट्रॅक्टरच्या पार्टचं दुकान, वर एमबीए. (शिक्षण आन् उद्योग एकाच इमारतीत असणारी ही जिल्ह्यातली पैली संस्था असावी.) अध्यक्ष त्रिंबकराव. सगळे आण्णा म्हणतेत. उमापूरकडं बागायत, तीन शाळा, आन् एक डी.एड. कॉलेज, जे सध्या मंगल कार्यालय म्हणून कार्यरत हाय. आण्णांनी आजवर एकही कार्यक्रम चुकवलेला न्हाई. स्वतःचा असो का दुसऱ्याचा.

तर झालं काय, मागच्या साली तपासणी समिती आली. समितीनं सगळं पाह्यलं, जेवण चांगलं झालं म्हणली, आन् जाताना एक ओळ लिहून गेली: "उद्योगजगताशी संपर्क असमाधानकारक."

आण्णांच्या मनाला लागलं. आण्णांचा संपर्क असमाधानकारक? ज्यांच्या फोनमधी जागा उरली न्हाई म्हणून दुसरा फोन घ्यावा लागला, त्यांचा?

आठ दिवसांत 'उद्योग संपर्क व नेटवर्क कक्ष' स्थापन झाला. कक्षप्रमुख रामप्रसाद सर. सरांकडं त्याआधी हजेरी आन् पाण्याचे जार ही दोन खाती होती, दोन्ही त्यांनी चोख सांभाळली होती. सरांनी लगेच उद्दिष्ट ठरवलं. एका विद्यार्थ्याचे किमान तीन संपर्क. विद्यार्थी सेहेचाळीस. म्हणजे एकशे अडतीस. त्यासाठी 'प्रपत्र न-१' तयार झालं. त्यात रकाने: नाव, हुद्दा, मोबाईल, मूळ गाव, आन् शेवटी 'कुणाचे पाहुणे'. हा शेवटचा रकाना सरांचा स्वतःचा. कुठल्याच पुस्तकात न्हाई.

"पाहुणा निघाला की काम निम्मं झालं समजा," सर म्हणले. मी लिहून घेतलं.

मंग चाकणजवळच्या एका मोठ्या कंपनीला पत्र गेलं. (नाव लिहीत न्हाई. ती बी नेटवर्कमधी हाय.) कंपनीचं उत्तर तिसऱ्या दिवशी आलं. एचआरच्या आरोही मॅडमनी मिनिटामिनिटाचं वेळापत्रकच पाठवलं. साडेअकरा ते एक. वीस मिनिटं माहिती आन् सुरक्षेच्या सूचना, चाळीस मिनिटं प्लांट, वीस मिनिटं प्रश्न. आन् दहा मिनिटं एका विद्यार्थ्याचं सादरीकरण. खाली बारीक अक्षरात: या महिन्यात येणाऱ्या कॉलेजांच्या सादरीकरणांतून एक विद्यार्थी निवडणार, त्याला जुलैपासून सहा महिने इंटर्नशिप, राहण्याची सोय कंपनीची, काम बघून पुढं नोकरी.

जागा एक.

ते सादरीकरण वैष्णवी करणार होती. सरांनी एकेकाला आत बोलावून चाचणी घेतली, तिचं आन् बाकीच्यांचं यात एवढं अंतर होतं की दुसरा नंबर काढलाच न्हाई.

वैष्णवी वडवणीच्या पलीकडची. आई छबुबाई आन् वडील दसऱ्यानंतर टोळीसंग ऊसतोडीला जातेत ते उन्हाळ्याच्या तोंडाशी येतेत. ही बीडला मुलींच्या सरकारी वसतिगृहात. वसतिगृहाचा नियम असा की कोर्स संपला की खोली संपली. म्हणजे जून. जूननंतर तिच्यापुढं दोन पर्याय होते: चाकण, न्हाईतर टोळी. (दोन्ही औद्योगिक क्षेत्रातच मोडतेत.) आमच्याकडं टोळीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतेत. एकटं माणूस असलं तर अर्धा कोयता. मनुष्यबळ मोजायची ही पद्धत आमच्या अभ्यासक्रमात न्हाई, पण अचूक हाय. वैष्णवी जूननंतर अर्धा कोयता होणार होती.

तिनं पाच आठवडे तयारी केली. कक्षानं बी केली. कक्षाची तयारी अशी: फेटे पंचवीस. नारळ पंचवीस. शाली बारा. हार, बुके, कुंकवाची डबी, तबक. दहा बाय सहाचा बॅनर, त्यावर आण्णा मोठे, कंपनी मध्यम, आन् खाली सेहेचाळीस विद्यार्थी, ज्यांना फक्त त्यांच्या आयाच ओळखू शकल्या असत्या. आन् फेटा बांधायला म्हाळू. म्हाळू बीडात एक नंबर. तयार फेट्याला हात लावत न्हाई. "तयार फेटा म्हणजे टोपीच की," असं त्याचं मत. डोक्यावर बांधायचा, एका डोक्याला चार मिनिटं.

म्हाळूला बसमधी जागा पायजे म्हणून एक विद्यार्थी कमी करावा लागला. अंगदला उतरवलं. (अंगदनं घरी बसून तीन संपर्क प्रस्थापित केले. ते पुढं येईल.)

आन् सूत्रसंचालन माझ्याकडं. मी बद्रीनाथ. मी हे कुठं शिकलो न्हाई, मोबाईलवर बघून बघून शिकलो. वडवणी ते गेवराई कुठलाही वाढदिवस, उद्घाटन, सेवापूर्ती असू द्या, माइक माझ्या हातात. मला माइक दिला की तो माझ्याकडून परत घ्यावा लागतो. हे मी अभिमानानं सांगत न्हाई, नोंद म्हणून सांगतो.

पहाटे बस निघाली. वैष्णवी माझ्या पुढच्या सीटवर. लॅपटॉप मांडीवर, ओठ हलतेत, डोळे बंद. मी मागं माझ्या चारोळ्या पाठ करत होतो. कडा गाव ओलांडलं तशी ती मागं वळली.

"बद्र्या, किती वेळ घेणार तू?"

"दोन मिनिटं."

"तुझी दोन मिनिटं मला म्हाईत हायती. आपल्या वर्गातल्या करिष्माच्या बहिणीच्या लग्नात अक्षता टाकायच्या सोडून लोक हातात धरून बसलते."

"ते वऱ्हाड उशिरा आलतं म्हणून."

"वऱ्हाड वेळेवर होतं. तू बोलत होतास." मंग ती पुढं बघून सरांना म्हणली, "सर, माझी दहा मिनिटं कुठं टाकलीत?"

"सत्कारानंतर लगेच," सर म्हणले. "सगळ्यात शेवटी. सगळ्यात महत्त्वाचं सगळ्यात शेवटी असतं."

"सर, पण वेळ संपला तर?"

"आपण कंपनीत चाललोत बाई, तिथं वेळेला लई किंमत असती. असा कसा संपंल?"

तेवढ्यात तिला फोन आला. छबुबाईचा, फडातून. आवाज एवढा मोठा की सगळ्या बसनं ऐकला.

"आज बोलायचीस का गं साहेबापुढं?"

"हो आये."

"मंग नमस्कार कर पैला. आन् घाई करू नको बोलताना. तुला घाई लई."

"आये, दहाच मिनिटं हायती."

"आगं मंग घाई कर!"

सगळी बस हसली. वैष्णवी बी. आण्णांनी पुढून विचारलं, "कोण हाय रे?" सर म्हणले, "पालक संवाद चालूय आण्णा."

बरोब्बर साडेअकराला गेटवर पोचलो. इथून पुढं मी वेळ लिहितो, कारण वेळच महत्त्वाची हाय.

गेटवर प्रत्येकाच्या मोबाईलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावले. प्लांटमधी फोटोला बंदी. हे ऐकून सरांचा चेहराच उतरला. फोटो न्हाई तर भेट झाली हे समितीला कळणार कसं? पण खरी अडचण नारळांची झाली. आत येणाऱ्या प्रत्येक वस्तूची पावती लागती. सिक्युरिटीचे दादा वही उघडून म्हणले, "नारळ पंचवीस नग. परत नेणार का इथंच ठेवणार?"

"सत्काराचा नारळ परत कसा न्यायचा?" सर म्हणले.

"मंग न परतीचा माल झाला. त्याला स्टोअरची सही लागती."

"तुमी कुठले?" आण्णांनी बसमधून उतरून विचारलं.

"बीडकडचाच हाय."

"बीडकडं कुठं?"

"उमापूर."

आण्णांनी त्यांच्या खांद्यावर हात टाकला. बंकट त्यांचं नाव. चार वाक्यांत कळलं की बंकटदादांची आत्या आण्णांच्या चुलत मेहुण्याच्या गावात दिलीय. नेटवर्क सुरू झालं. पाच मिनिटांत सगळ्यांनी प्रपत्र न-१ मधी बंकटदादांचं नाव, नंबर, पाहुणे, सगळं भरलं. हुद्द्याच्या रकान्यात काय लिवायचं विचारलं तर सर म्हणले, "प्रवेश व्यवस्थापन."

एवढा पाहुणा निघूनबी स्टोअरची सही लागलीच. अकरा अठ्ठावन्नला आमी हॉलमधी.

आरोही मॅडम दारात उभ्या होत्या. तिशीच्या आतल्याच असतील, गळ्यात आयकार्ड, हातात लॅपटॉप. बाजूला प्लांटचे मुख्य साहेब आन् सुरक्षा अधिकारी.

"अर्धा तास गेला आहे आपला," मॅडम हसून म्हणल्या. "थेट सुरू करूया का? आधी सादरीकरण घेऊ, मग वेळ उरेल तसं..."

वैष्णवी उठली सुद्धा. पेन ड्राइव्ह हातात. मी ते पाह्यलं. हे लिहून ठेवतो, की मी ते पाह्यलं.

"मॅडम," आण्णा म्हणले, "आधी सत्कार. त्याबिगर आमाला बसवत न्हाई."

"अहो, कशाला..."

"न्हाई न्हाई. तुमी एवढ्या लांबून आलाव."

"आम्ही इथेच असतो."

"तेच म्हणतो मी," आण्णा म्हणले.

माइक माझ्या हातात आला. वैष्णवी बसली.

मी सुरुवात केली: "झाडाला लागतं पाणी, पिकाला लागतं खत; साहेबांच्या स्वागताला आलंय बीडचं पथक!" टाळ्या पडल्या. (पैली टाळी आमच्याच पोरांची. तसं ठरलेलंच असतं.) पैला फेटा आरोही मॅडमना.

"मला पण?" त्या दचकल्या.

"स्त्री-पुरुष समानता हे आमच्या संस्थेचं धोरणच हाय मॅडम," मी माइकवर म्हणलो. म्हाळूनं त्यांच्या केसांचा क्लिप काढून बाजूला ठेवला आन् कामाला लागला. चार मिनिटं. मंग प्लांटचे साहेब, चार मिनिटं. मंग सुरक्षा अधिकारी, चार मिनिटं.

सत्काराचं एक शास्त्र हाय. तो सुरू करता येतो, थांबवता येत न्हाई. तिघांचा केला आन् चौथ्याचा न्हाई केला, तर चौथ्याचा अपमान केला असं होतं, आन् अपमान करायला आमी एवढ्या लांब आलो नव्हतो. चौथे प्रोजेक्टर लावणारे गृहस्थ. रिमोट घेऊन उभे होते बिचारे. त्यांना वाटलं चुकून बांधतेत. न्हाई न्हाई म्हणता म्हणता बांधून झाला. मंग पाणी ठेवायला आलेले दोघं. मंग काचेतून फेटे बघून शेजारच्या डिपार्टमेंटची चार माणसं 'काय चाललंय' म्हणून डोकावली. डोकावलेल्या माणसाला तसंच कसं पाठवायचं? एकूण फेटे दहा. दहा चोक चाळीस.

पैला गुलाबी, दुसरा केशरी, असे आळीपाळीनं. हॉल लई सुंदर दिसत होता.

मधी एकदा वैष्णवीनं सरांच्या कानात काही सांगितलं. सर म्हणले, "होतंय, होतंय." मी तिच्याकडं पाह्यलं, तिनं मला हाताची दोन बोटं दाखवली. दोन मिनिटं. मी मान हलवली आन् पुढची चारोळी घेतली.

मंग आण्णांचा सत्कार, कंपनीच्या वतीनं. कंपनीला याची कल्पना नव्हती. रामप्रसाद सरांनी टेबलाखालून साहेबांच्या हातात शाल सरकवली.

"ही काय?" साहेब हळूच म्हणले.

"तुमच्याकडून आण्णांना. आमीच आणलीय, तुमाला त्रास नको."

साहेब उभे राह्यले आन् त्यांनी शाल घातली. (मोठ्या कंपनीत लोक शिकवलेलं लवकर शिकतेत, हे मला तेव्हा पटलं.) आण्णांच्या चेहऱ्यावर आश्चर्य उमटलं. ते आश्चर्य मी आजवर तेरा कार्यक्रमांत पाह्यलंय, दर बारीला ताजं असतं. फेटा आण्णांनी बीडहूनच बांधून आणला होता, तेवढी चार मिनिटं वाचली.

मंग आण्णा दोन शब्द बोलले, आठ मिनिटं. "पोरांनो, नेटवर्क म्हणजे काय? मी फोन लावला की समोरच्यानं उचलला पायजे. ह्याला म्हणतेत नेटवर्क. उचलला न्हाई तर ते नुसता नंबर हाय." मला आजबी याच्यात खोट काढता आलेली न्हाई.

बारा पन्नास.

आरोही मॅडम फेटा सावरत उठल्या. "आता सादरीकरण. वैष्णवी ना? ये. दहा मिनिटं आहेत, तेवढीच लागतील."

वैष्णवी पुढं गेली. पडद्यावर पैली स्लाइड आली. तिचं नाव, खाली संस्थेचं नाव. तिनं घसा साफ केला, नमस्कार केला. आन् माइक घ्यायला माझ्याकडं हात केला.

आता ते सांगतो ज्याच्यामुळं दोनदा पुसलं.

आण्णांनी मला खूण केली. "ओळख करून दे की पोरीची." मी एका ओळीत देऊ शकलो असतो. नाव तर पडद्यावरच होतं. पण हॉल भरलेला, दहा फेटे समोर, आन् माझ्यापाशी लई चांगला ऐवज होता. मी सुरू झालो. वडवणीच्या पलीकडचं गाव सांगितलं. छबुबाई सांगितली. फड सांगितला, थंडी सांगितली, पाचटाची खोपी सांगितली. अर्धा कोयता म्हणजे काय ते समजावून सांगितलं. सकाळचा फोन जसाच्या तसा करून दाखवला, "आगं मंग घाई कर!" लोक हसले आन् लगेच गप झाले, मला पायजे तसे. आरोही मॅडमनी डोळे पुसले. प्लांटच्या साहेबांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मंग सगळे उभे राह्यले. तिच्याबद्दल जे जे होतं ते सगळं मी सांगितलं. ते तिच्याच समोर सांगितलं, आन् ती माझ्याकडं हात पुढं करून उभी होती.

टाळ्या थांबल्या तेव्हा बारा अठ्ठावन्न झाले होते.

वैष्णवीनं माझ्या हातातून माइक ओढून घेतला. "दोन मिनिटं बी पुरतील मला," ती म्हणली. "मी सरळ तिसऱ्या स्लाइडपासून..."

तेवढ्यात सुरक्षा अधिकारी उठले. "माफ करा. एकला पाळी बदलते, त्यानंतर प्लांटमध्ये पाहुण्यांना सोडता येत नाही. बघायचा असेल तर आत्ता निघावं लागेल. सगळ्यांनी हेल्मेट घ्या."

सगळे उठले. हेल्मेट वाटले. आन् मंग भेटीतला सगळ्यात गंभीर प्रश्न पुढं आला: ज्यांच्या डोक्यावर फेटा हाय त्यांनी हेल्मेट कुठं घालायचं?

"फेट्यावरून घाला," आण्णा म्हणले. एक प्रयत्न झाला. प्लांटच्या साहेबांच्या डोक्यावर हेल्मेट फेट्यावर ठेवलं, ते कळसासारखं डुलत राह्यलं.

"असं चालणार नाही," सुरक्षा अधिकारी म्हणले. त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर गुलाबी फेटा होता, त्यामुळं त्यांच्या बोलण्याला वजन होतं. "फेटे काढावे लागतील."

दहाही जणांचे हात फेट्यांकडं गेले.

"काढा की," म्हाळू म्हणला. "पण सत्काराचा फेटा बांधल्या जाग्यावर काढला म्हणजे सत्कार परत केला. आमच्यात तसं असतं. तुमच्यात कसं असतं म्हाईत न्हाई."

साहेबांनी मॅडमकडं पाह्यलं, मॅडमनी सुरक्षा अधिकाऱ्यांकडं. एवढ्या प्रेमानं आलेल्या माणसांचा सत्कार परत कोण करणार? चर्चा बारा मिनिटं चालली, तवर पाळीबी बदलून गेली. शेवटी असं ठरलं की फेटेवाल्यांना आत जाता येत न्हाई, आन् फेटेवाल्यांशिवाय प्लांट दाखवणार कोण, म्हणून सगळ्यांनीच वरच्या मजल्याच्या काचेतून बघावं. आमी बघितलं. खाली काहीतरी पिवळं हलत होतं. (अहवालात 'अत्याधुनिक उत्पादन प्रणाली' असं लिवलंय.)

तवर पैली स्लाइड पडद्यावरच होती.

जाताना वैष्णवीनं मॅडमना गाठलं. मॅडमच्या दोन्ही हातांत नारळ, एक काखेत.

"मॅडम, चालता चालता सांगते, माझा मुद्दा एवढाच हाय की..."

"अगं, तू फार गुणी आहेस. तुझी गोष्ट ऐकून मला खरंच..."

"गोष्ट न्हाई मॅडम, माझं काम..."

"मॅडम! गेटवर एक ग्रुप फोटो!" रामप्रसाद सर आले. हॉलच्या दारात तवर दुसऱ्या कॉलेजची पोरं येऊन उभी होती. वीसेक जण. एकाच्याही हातात नारळ नव्हता. मला त्यांची कीव आली.

गेटवर बॅनर लावून फोटो झाला. बंकटदादांना मधी घेतलं.

आता निष्पत्ती. प्रपत्र न-१ नुसार एकूण संपर्क एकशे एकसष्ट. उद्दिष्ट एकशे अडतीस. त्यात बंकटदादा सेहेचाळीस वेळा, आरोही मॅडम सेहेचाळीस वेळा (अंगद दोन्हींत हाय, तिसरा त्यानं बसचा ड्रायव्हर लिवला), प्लांटचे साहेब एकतीस, प्रोजेक्टरवाले बावीस, म्हाळू नऊ, ड्रायव्हर सात. शिरूर यायच्या आत सगळ्यांनी मोबाईलवर एकच मजकूर टाकला: 'आज उद्योगजगत जवळून अनुभवलं.' सगळ्यांनी एकमेकांचं अभिनंदन केलं. एप्रिलमधी समिती परत आली आन् लिहून गेली: "उद्योगजगताशी संपर्क अनुकरणीय."

वैष्णवीनं मॅडमला मेल केला. मॅडमनी दोन दिवसांत उत्तर दिलं, खोटं कशाला बोलू, बाई सरळ होत्या. निवड प्रत्यक्ष झालेल्या सादरीकरणांतूनच करायची असा नियम आहे, तुझं झालंच नाही, मला वाईट वाटतं. जागा नंतर आलेल्या त्या कॉलेजला गेली.

त्या भेटीतून नोकरी मात्र लागली. एक. मला. आण्णांना माझं बोलणं आवडलं. जुलैपासून मी संस्थेत उद्योग संपर्क समन्वयक हाय. बॅनरवर माझ्या फोटोखाली 'औद्योगिक भेटीतून थेट नोकरी' असं लिवलंय आन् त्यात एक अक्षर खोटं न्हाई.

वैष्णवीची खोली जूनमधी संपली. दसऱ्यानंतर ती टोळीसंग कर्नाटकात एका कारखान्यावर गेली. फोन लागतो, दुपारी, गाडी भरायच्या आधी.

हे लिहून झाल्यावर मी पैल्यांदा अकरा जणांना पाठवलं. सगळे हसले. एकानं कंपनी कुठली विचारलं. तिघांनी विचारलं, आण्णा चिडणार न्हाईत का? एकाला घरच्या कार्यक्रमासाठी फेटेवाला पायजे होता. मंग हिंमत करून वैष्णवीला पाठवलं आन् दुसऱ्या दिवशी फोन लावला.

"वाचलं का? तुझ्याआधी अकरा जणांनी वाचलंय."

"वाचलं." मागं कोयत्यांचा आवाज. "नारळाची पावती लिवलीस. फेटा किती मिनिटाचा ते लिवलंस. आईचा फोन परत एकदा लिवलास."

"चांगलं झालंय का?"

"हसले की मी बी. आई विचारत होती कावून हसती म्हणून." मंग तिनं विचारलं, "बद्र्या, मी काय बोलणार होते ते कुठंय?"

मी वर-खाली करून बघितलं. कुठंच नव्हतं. मला वाटलं घाईत राह्यलं असंल, आता घालू. मंग ध्यानात आलं, मला म्हाईतच न्हाई. सहा तास ती माझ्या पुढच्या सीटवर पाठ करत होती आन् मी एकदा बी विचारलं न्हाई, कशावर बोलणारेस गं?

"त्या अकरा जणांनी तरी विचारलं का?" ती म्हणली.

"न्हाई."

"कुणीच?"

"हसलो म्हणले सगळे."

"बरं. ठेवते. गाडी आलीय."

"थांब," मी म्हणलो. आता तरी सांगतीस का म्हणून विचारायची मला लाज वाटली, आन् तिनंही सांगितलं न्हाई. मंग मी तिला शब्द दिला: वैष्णवी, हे मी आणखी लोकांपुढं टाकणार हाय. शेवटच्या ओळीपर्यंत येऊन जो कुणी आपणहून विचारील की त्या पोरीची दहा मिनिटं कशावर होती, त्यालाच मी तुझा नंबर देईन. बाकी जो नुसता 'लई हसलो' म्हणंल, त्याला धन्यवाद म्हणीन आन् फोन ठेवीन.